मराठीत यादी लिहिताना अपूर्णविराम कुठे, स्वल्पविराम कुठे

शाळेच्या फलकावर किंवा सोसायटीच्या सूचनेत असे वाक्य हमखास दिसते :

अर्जासोबत : आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन छायाचित्रे जोडावीत.

अर्थ कळतो, पण वाक्य मधोमध तुटले आहे. ‘अर्जासोबत’ या शब्दापाशी वाचक थांबतो, मग यादी वाचतो आणि क्रियापद सापडेपर्यंत त्याला सगळे डोक्यात धरून ठेवावे लागते. इथे अपूर्णविरामाची, म्हणजे कोलनची (:), गरजच नव्हती. तो काढून टाका, वाक्य सरळ होते : ‘अर्जासोबत आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन छायाचित्रे जोडावीत.’

यादीच्या विरामचिन्हांमधल्या बहुतेक चुका या एकाच जागेवरून सुरू होतात. इंग्रजी वाक्यात क्रियापद मध्ये असते आणि यादी आपोआप शेवटी येते, म्हणून तिच्याआधी कोलन सहज बसतो. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी असते. त्यामुळे आपली यादी मुळात वाक्याच्या पोटात असते, आणि पोटातल्या यादीला अपूर्णविराम लागत नाही.

आधी क्रियापद, मग अपूर्णविराम

यादी शेवटी आणायची असेल, तर आधी वाक्य क्रियापदासह पुरे करा आणि मग अपूर्णविराम द्या.

अर्जासोबत पुढील कागदपत्रे जोडावीत : आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन छायाचित्रे.

पारख करायची तर अपूर्णविरामापर्यंतचा भाग मोठ्याने वाचा आणि तिथे पूर्णविराम असल्यासारखे थांबा. ‘अर्जासोबत पुढील कागदपत्रे जोडावीत.’ हे वाक्य एकटे उभे राहते, म्हणून चिन्ह योग्य. ‘अर्जासोबत.’ हे उभे राहत नाही, म्हणून चूक. ‘पुणे विभागात पाच जिल्हे येतात : पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर.’ हे बरोबर. ‘पुणे विभागातील जिल्हे म्हणजे : पुणे, सातारा…’ हे चूक, कारण ‘म्हणजे’ हा शब्द पुढच्याला स्वतःच बांधून घेतो. ‘की’, ‘जसे की’ आणि ‘यांपैकी’ यांच्यानंतरही अपूर्णविराम नको. ‘उदा.’ या संक्षेपाला स्वतःचा टिंब आहे. त्यापुढे स्वल्पविराम पुरतो.

या रचनेचा आणखी एक फायदा व्याकरणाचा आहे. पोटातल्या यादीत क्रियापद शेवटच्या नामाप्रमाणे फिरते : ‘दाखला आणि छायाचित्रे जोडावीत’, पण क्रम उलटा केला की ‘छायाचित्रे आणि दाखला जोडावा’. यादीत नंतर कुणी एक बाब वाढवली की क्रियापद चुकते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. ‘पुढील कागदपत्रे जोडावीत :’ असे आधीच लिहिले, तर क्रियापद ‘कागदपत्रे’ या शब्दाशी जुळते. मग खाली चार बाबी असोत वा चौदा, वरचे वाक्य बदलत नाही. ज्या सूचना दरवर्षी थोड्या बदलून पुन्हा वापरल्या जातात, त्यांच्यासाठी हीच रचना घ्या.

यादी पोटातच ठेवायची असेल, तर ‘या’ आणि ‘यांनी, यांना, यांच्या’ ही रूपे कामाला येतात. ‘सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत’ असे लिहिले की प्रत्येक नावाला प्रत्यय लावावा लागत नाही. मात्र शेवटचे नाव आणि ‘या’ यांच्या मध्ये स्वल्पविराम देऊ नका. ‘कोल्हापूर, या जिल्ह्यांत’ असे लिहिल्यावर ‘या’ कशाला जोडायचा तेच कळत नाही.

प्रस्तावनेच्या वाक्यातले दोन शब्दही तपासा. ‘पुढील’ आणि ‘खालीलप्रमाणे’ यांपैकी एकच हवा. ‘पुढील कागदपत्रे खालीलप्रमाणे आवश्यक आहेत’ यात एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे. दोहोंत ‘पुढील’ सुरक्षित. पान उलटले किंवा मोबाइलवर मजकुराची जागा बदलली, तर ‘खालील’ खाली राहत नाही. आणि ‘खालीलप्रमाणे’ हा एकच शब्द आहे, ‘खालील प्रमाणे’ असा तोडू नये.

मथळ्यानंतरचा अपूर्णविराम

‘स्थळ :’, ‘वेळ :’, ‘साहित्य :’, ‘विषय :’ यांना वरचा नियम लागू नाही. ही वाक्ये नाहीतच. डावीकडे नाव आणि उजवीकडे त्याचा तपशील अशी ती पट्टी असते. निमंत्रणपत्रिका, अर्ज आणि पाककृती यांत ती शोभते. फक्त पट्टी आणि वाक्य यांची सरमिसळ करू नये. ‘वेळ : कार्यक्रम सायंकाळी ५.३० वाजता सुरू होईल’ यापेक्षा ‘वेळ : सायं. ५.३०’ लिहावे, किंवा मग ‘वेळ’ गाळून पूर्ण वाक्य लिहावे.

इथे वेळेतही कोलन वापरला तर एका ओळीत दोन कोलन येतात, ‘वेळ : ५:३०’. म्हणून मराठी पत्रिकांमधली टिंबाची पद्धत, ५.३०, इथे अधिक स्वच्छ दिसते. प्रमाण दाखवताना मात्र कोलनच हवा, आणि दोन्ही बाजूंना जागा न सोडता : इडलीसाठी तांदूळ आणि उडीद डाळ ३:१.

तक्त्यात किंवा एक्सेलच्या स्तंभाच्या डोक्यावर अपूर्णविराम लिहू नका. चौकटीची रेघ तेच काम करत असते.

विसर्ग आणि अपूर्णविराम : सर्वांत जास्त बिघाड इथे

‘साहित्यः’, ‘स्थळः’, ‘विषयः’ असे छापील फलकांवरही सर्रास दिसते. नजरेला दोन टिंबे दिसतात, पण ती विसर्गाची आहेत. विसर्ग हा उच्चाराचा भाग आहे आणि अपूर्णविराम हे थांबण्याचे चिन्ह. युनिकोड या संगणकातल्या अक्षरांच्या संकेतप्रणालीत दोघांचे संकेतांक वेगळे आहेत : विसर्ग ०९०३, अपूर्णविराम ००३ए.

चूक का होते हे कीबोर्ड पाहिला की कळते. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डच्या मुख्य मांडणीत, इंग्रजीत जिथे अर्धविराम (;) आणि अपूर्णविराम असतात त्या कळीवर ‘च’ आणि ‘छ’ आहेत. शिफ्ट धरून हायफनची कळ दाबली की विसर्ग उमटतो. म्हणजे टंकलेखकाच्या बोटाखाली दोन टिंबांची एक खूण तयार असते, आणि खऱ्या अपूर्णविरामासाठी भाषा बदलून इंग्रजीत जावे लागते. घाईत जवळचे चिन्ह पडते.

त्याचे परिणाम केवळ दिसण्यापुरते नाहीत. ‘साहित्य’ हा पूर्ण शब्द म्हणून शोधला तर ‘साहित्यः’ सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी तो निराळा शब्द आहे. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर शेवटी ‘ह’सारखा उच्चार करू शकते, दृष्टिहीन वाचकाला ‘स्थळह’ असे ऐकावे लागते. विसर्ग हे अक्षराला चिकटणारे चिन्ह असल्यामुळे आकड्यापुढे किंवा मोकळ्या जागेपुढे आले तर अनेक फाँटांत त्याच्या जागी ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. ‘१०ः३०’ असे लिहिलेली वेळ म्हणूनच काही फोनवर विचित्र दिसते.

उलटी चूकही तितकीच पसरली आहे : ‘दु:ख’, ‘स्वत:’, ‘नि:शुल्क’, ‘अंत:करण’. इथे विसर्ग हवा होता आणि कोलन पडला. अशा शब्दाचे संगणक दोन तुकडे करतो, शुद्धलेखन तपासणी अडखळते आणि कधी ओळीच्या शेवटी ‘दु:’ वर आणि ‘ख’ खाली जातो.

जुना मजकूर दुरुस्त करताना ‘सगळे बदला’ हे बटण दाबू नका. ते दाबले तर ‘स्वतः’, ‘अंशतः’, ‘विशेषतः’, ‘सामान्यतः’, ‘क्रमशः’ हे बरोबर शब्दही बिघडतील. पुढच्या क्रमाने जा.

१. आधी विसर्गापुढे हायफन (‘ः-’) शोधा. मराठीत ही जोडी जवळजवळ नेहमीच चूक असते. तिथे अपूर्णविराम आणा आणि हायफन काढा.
२. मग आकड्याला लागलेले विसर्ग शोधा. ते सगळे चूक. वेळ असेल तर टिंब, प्रमाण असेल तर अपूर्णविराम द्या.
३. उरलेले विसर्ग एकेक करून पाहा. शब्द बोलून बघा. शेवटी विसर्गाचा उच्चार नसेल तर तो अपूर्णविराम आहे.
४. शेवटी कोलन शोधा आणि ज्याच्या दोन्ही बाजूंना जागा न सोडता अक्षर आहे तो विसर्ग करा. ‘स्वत:’ आणि ‘पुन:’ यांसारखे शेवटचे कोलन वेगळे शोधावे लागतात.

कोणते चिन्ह आहे याची शंका आली, तर विंडोजवरच्या वर्डमध्ये त्या चिन्हाच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा. संकेतांक दिसतो. पुन्हा तेच दाबले की चिन्ह परत येते.

मराठी छपाईत अपूर्णविरामाआधी थोडी जागा सोडण्याची पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. ‘स्थळ:’ असे चिकटवले की तो विसर्ग वाटतो, ‘स्थळ :’ म्हटले की शंका राहत नाही. अडचण एवढीच की साधी जागा सोडली तर अपूर्णविराम पुढच्या ओळीच्या सुरुवातीला घसरू शकतो, आणि ते फार वाईट दिसते. त्यासाठी न तुटणारी जागा वापरा. वर्डमध्ये ती कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेसबार एकत्र दाबून येते. लेखभर एकच पद्धत ठेवा. अर्धे कोलन चिकटलेले आणि अर्धे सुटे असे नको.

‘:-’ ही जोडखूण आपल्याकडे शाळेच्या वह्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत रुळलेली आहे. ती चूक ठरवण्याचे कारण नाही, पण तिची गरजही नाही. अपूर्णविराम ‘आता तपशील येतो’ हे सांगतोच, मागचा डॅश तेच पुन्हा सांगतो. नव्या मजकुरात ती टाळावी.

स्वल्पविराम, ‘आणि’ आणि ‘व’

मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय ब्रिटिश कोशकार मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्याआधी मोडी लेखनात शब्दांमध्येही जागा सोडत नसत. त्या काळी बाबी वेगळ्या करण्याचे काम ‘आणि’, ‘व’, ‘तथा’, ‘वगैरे’ हे शब्दच करत. आजही हे शब्द चिन्हांइतकेच उपयोगी आहेत.

साधा नियम ठाऊक असतोच : शेवटची बाब सोडून प्रत्येकीनंतर स्वल्पविराम, आणि शेवटच्या बाबीआधी ‘आणि’. ‘कांदा, लसूण, आले आणि कोथिंबीर’. ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम नको. मराठी कानाला तिथे दुहेरी थांबा ऐकू येतो.

पण बाबीच्या आतच जोडशब्द असला की काय करायचे? राज्य शासनाच्या विभागांची नावे घ्या : महसूल व वन, शालेय शिक्षण व क्रीडा, उच्च व तंत्रशिक्षण. ही तीन नावे एका वाक्यात आली आणि सगळीकडे ‘व’ वापरला, तर हे किती विभाग आहेत ते कळणार नाही. इथे आपल्याकडे दोन जोडशब्द आहेत याचा फायदा घ्या. बाबीच्या आत ‘व’ आणि बाबींच्या मध्ये ‘आणि’ : ‘महसूल व वन, शालेय शिक्षण व क्रीडा आणि उच्च व तंत्रशिक्षण या तीन विभागांना पत्र पाठवले.’ ‘तीन’ हा आकडा मुद्दाम लिहिला आहे. वाचकाला मोजून खात्री करता येते.

आकडा लिहिला की ‘इत्यादी’ लिहू नये. ‘पुढील पाच नद्या : कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री इत्यादी’ यात शेवटचा शब्द पहिल्याशी भांडतो. तसेच ‘उदा.’ने सुरू झालेली यादी नमुन्याचीच असते, तिच्या शेवटी ‘इ.’ लावणे म्हणजे तेच दोनदा सांगणे. जिथे ‘इत्यादी’ किंवा ‘वगैरे’ खरोखर हवे असेल तिथे ते शेवटच्या बाबीनंतर स्वल्पविराम न देता येते, आणि मग ‘आणि’ गळतो : ‘ज्वारी, बाजरी, नाचणी वगैरे’.

अर्धविराम कधी

बाबींच्या आत स्वल्पविराम असेल, तर बाबींच्या मध्ये अर्धविराम. गावांची नावे जिल्ह्यासह लिहिताना हे लगेच पटते :

वाई, जि. सातारा; मिरज, जि. सांगली; राजापूर, जि. रत्नागिरी.

तिथे नुसते स्वल्पविराम दिले तर सहा ठिकाणे वाटतात. रकमांचेही असेच होते, कारण आपल्या लाख-हजारांच्या मांडणीत स्वल्पविराम आधीच असतात. ‘१,२५,०००, ८०,०००, १,१०,०००’ ही ओळ वाचताना डोळा फसतो. ‘१,२५,०००; ८०,०००; १,१०,०००’ ही वाचता येते. हिशेबाच्या इतिवृत्तात हा एवढा बदल केला तरी चुकीचे वाचन टळते. रकमा तीनहून अधिक असतील तर सरळ तक्ता करा.

उभी यादी

ओळीखाली ओळ अशी यादी केली की ओळ तुटणे हेच विरामचिन्ह होते. म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वल्पविराम देणे व्यर्थ आहे. बाबी शब्द किंवा शब्दसमूह असतील तर शेवटी काहीही नको. प्रत्येक बाब पूर्ण वाक्य असेल तर प्रत्येकीला पूर्णविराम, शेवटचीलाही. नऊ ओळी मोकळ्या आणि दहावीला टिंब, असे अर्धवट करू नका.

इंग्रजीतून आलेल्या नियमावल्यांमध्ये एक अवघड रचना दिसते : वर ‘अर्जदाराने’, खाली चार ओळी, आणि सर्वांत शेवटी एकटे ‘सादर करणे आवश्यक आहे’. क्रियापद यादीच्या तळाशी लोंबकळते आणि ते नेमके कशाला लागू आहे हे शोधावे लागते. ते क्रियापद वर न्या : ‘अर्जदाराने पुढील बाबी सादर कराव्यात :’. खाली फक्त नामे ठेवा.

सर्व बाबी एकाच घडणीच्या असाव्यात. ‘तांदूळ धुवा’, ‘डाळ भिजवावी’, ‘फोडणी देणे’ या तीन ओळींत तीन वेगळी रूपे आहेत. कोणतेही एक घ्या. पाककृतीला ‘धुवा, भिजवा, द्या’ हे आज्ञार्थी रूप सर्वांत सोपे पडते, कारण त्यात लिंग-वचन पाहावे लागत नाही. ‘-वा, -वी, -वे’ घेतले तर प्रत्येक ओळीत नामाशी जुळवावे लागते : तांदूळ धुवावेत, डाळ भिजवावी, गूळ किसावा.

साहित्याच्या यादीत प्रमाण कसे लिहावे? ‘२ वाट्या पोहे’ किंवा ‘पोहे – २ वाट्या’, दोन्ही चालते. दुसऱ्या पद्धतीत शब्द आणि आकडा यांच्या मध्ये लांब डॅश घ्या. छोटे संयोगचिन्ह ‘पोळी-भाजी’ आणि ‘दोन-तीन’ यांच्यासाठी आहे. ‘साहित्य :’ हा मथळा वर असताना खालच्या प्रत्येक ओळीत पुन्हा अपूर्णविराम (‘पोहे : २ वाट्या’) लिहू नये.

क्रमांक : अ, ब, क, ड की क, ख, ग?

बाबींचा क्रम महत्त्वाचा असेल किंवा पुढे त्यांचा उल्लेख करायचा असेल, तरच क्रमांक द्या. एरवी साधी बुंदकी पुरते.

अक्षरे घेताना एक सापळा आहे. मराठीत दोन क्रम चालतात. प्रश्नपत्रिकेतले पर्याय आणि शासकीय सेवेतले गट ‘अ, ब, क, ड’ या क्रमाने जातात, तर काही पुस्तकांत ‘क, ख, ग, घ’ असा वर्णमालेचा क्रम असतो. ‘क’ हे अक्षर पहिल्या क्रमात तिसरे आहे आणि दुसऱ्यात पहिले. एकाच दस्तऐवजात दोन्ही आले तर ‘मुद्दा क पाहा’ या वाक्याला अर्थ उरत नाही. शिवाय ‘ड’ नंतर काय, याबद्दल लोकांत एकमत नाही. चारांहून अधिक बाबी असतील तर आकडेच वापरा, आणि अक्षरे उपमुद्द्यांसाठी राखून ठेवा.

आकड्यापुढे टिंब (१.) किंवा अर्धा कंस, दोन्हींपैकी एकच. ‘१).’ असे दोन्ही नकोत. देवनागरी अंक घेतले तर यादीतल्या क्रमांकांपासून रकमांपर्यंत सगळीकडे तेच ठेवा.

एक सूचना दुरुस्त करून

आधी :

सर्व पालकांना सूचना देण्यात येते की पुढील कागदपत्रे खालील प्रमाणेः-
१). आधार कार्ड,
२). शाळा सोडल्याचा दाखला.
३). उत्पन्नाचा दाखला जोडणे
४). छायाचित्रे २, इ.
वेळः सकाळी १०ः३० ते २:०० पर्यंत

नंतर :

पालकांनी प्रवेश अर्जासोबत पुढील चार कागदपत्रे जोडावीत :
१. आधार कार्डाची छायांकित प्रत
२. शाळा सोडल्याचा मूळ दाखला
३. उत्पन्नाचा दाखला
४. पारपत्र आकाराची छायाचित्रे (२)
अर्ज स्वीकारण्याची वेळ : सकाळी १०.३० ते दुपारी २

‘सूचना देण्यात येते की’ गेले, कारण ते काढूनही काही हरवत नाही. ‘की’नंतरचे वाक्य मुळात पुरेच झाले नव्हते, आता ते ‘जोडावीत’वर संपते. तिसऱ्या ओळीतले ‘जोडणे’ वरच्या क्रियापदात सामावले. ‘पर्यंत’ हा शब्द ‘ते’बरोबर नको होता. चौथ्या ओळीतले ‘इ.’ मात्र नुसते खोडून भागत नाही. ते दिसले की सूचना लिहिणाऱ्याला विचारा, त्यात आणखी कोणता कागद अपेक्षित आहे? असेल तर त्याचे नाव पाचव्या क्रमांकावर लिहा आणि वरचे ‘चार’ खोडून ‘पाच’ करा. नाहीतर त्या एका कागदासाठी कुणाला तरी खिडकीवरून परत जावे लागते.